करडी मिनीव्हॅन आणि जपानी सिनेमा

एखाद्या समाजाची नैतिक उंची मोजायची असेल, तर त्या समाजाने पडद्यावरच्या दोन माणसांमध्ये किती इंचांचं अंतर राखलं आहे ते मोजावं. बाकी सगळी मापं फसवी. हा विचार मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या सुमंत देवस्थळी यांचा, आणि तो त्यांनी नुसता मांडला नाही, पट्टी घेऊन अमलात आणला. विचार मांडणारे आपल्यात पोत्यानं आहेत. पट्टी घेऊन उठणारा एखादाच निघतो.

सुमंतरावांना पट्टीचा अधिकारच होता म्हणा ना. एकतीस वर्षं ते एका मोटार कारखान्यात गाडीचा दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली फट मोजत होते. फट साडेतीन मिलिमीटर हवी. चार झाली की गाडी परत. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात केक कापला तेव्हा त्यांनी दोन तुकड्यांमधली फट पाहून दुसरी सुरी मागवली, असं सांगतात. हे खोटं असेलही, पण त्यांना शोभतं. असा माणूस रिकामा बसलेला पाहून 'ओकवन मराठी स्नेहमंडळा'ने त्यांना चित्रपट परीक्षण उपसमितीचं अध्यक्ष केलं, त्याला आता चौदा वर्षं झाली.

हे मंडळ दर दोन महिन्यांनी रविवारी दुपारी एका शाळेचा हॉल घेऊन सिनेमा दाखवतं. आजी, आईबाप आणि नातवंडं एका रांगेत बसतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे. नायक नायिकेच्या जवळ सरकू लागला की दोनशे माणसं एकदम खाली मान घालून आपापला फोन पाहतात. ही सामूहिक मानदुखी टाळण्यासाठी सुमंतरावांनी 'अंतर-मापन तक्ता' तयार केला. त्याचे नियम असे:

एक. सिनेमा आधी समितीने पाहावा आणि जागोजागी थांबवून नायक व नायिका यांच्यातलं अंतर मोजावं. (माणसाचं डोकं नऊ इंच धरावं. नायकाचं डोकं कितीही मोठं असलं तरी नऊच.)

दोन. अंतर अठरा इंचांच्या वर असल्यास प्रसंग 'कौटुंबिक'.

तीन. सहा ते अठरा इंच असल्यास 'सावधान'. वडे गरम करायला ठेवावेत.

चार. अंतर सहा इंचांच्या खाली गेल्यास पडदा बंद, दिवे चालू, आणि माइकवरून घोषणा.

घोषणा ठरलेली होती आणि ती करण्याचा मान उपाध्यक्ष राजीव टिल्लू यांचा होता. "कृपया लक्ष द्या. बाहेर एका करड्या मिनीव्हॅनचे दिवे चालू राहिले आहेत. ज्यांची असेल त्यांनी बंद करून यावे." एवढं होईपर्यंत पडद्यावरचं जे काही असेल ते उरकलेलं असे, आणि सिनेमा पुढे सुरू होई. चौदा वर्षं ती गाडी दिवे लावून उभी आहे. मालक अजून सापडलेला नाही. तरीही दर वेळी सरासरी आठ गृहस्थ कोट चढवतात, बर्फातून बाहेर जातात आणि पाहून येतात. त्यांतल्या पाच जणांकडे मिनीव्हॅनच नाही. पहिल्या रांगेतल्या सुवर्णा आजी तर दर वेळी कौतुकाने म्हणतात, "काय बॅटरी असेल हो त्या गाडीची!"

तक्ता निर्दय होता. कौटुंबिक म्हणून आलेल्या एका सिनेमात अकरा आक्षेप निघाले. एका संतपटातही चार निघाले, कारण संसार सोडण्यापूर्वी त्या संतांना संसार होता. शून्य आक्षेपांचा सिनेमा म्हणून मंडळाने चौदा वर्षांत एकच दाखवला, आणि तो ठिबक सिंचनावरचा माहितीपट होता.

अशा परिस्थितीत यंदा युवा प्रतिनिधी सलोनीने (वय सोळा) एक जपानी अॅनिमेशन सिनेमा सुचवला. नाव 'धक्क्यावरचा पियानो'. उत्तरेकडचं एक बंदर, तिथे बंद पडलेल्या फेरीबोटीचा धक्का, धक्क्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये एक विसरलेला पियानो. एक मुलगा तो पियानो वाजवतो, दुसरा चेलो घेऊन येतो.

"इट्स अ लव्ह स्टोरी, आजोबा," सलोनी सभेत म्हणाली. "त्या दोघांची. दे फॉल इन लव्ह."

समितीच्या तिसऱ्या सदस्य शैलजाताई म्हणाल्या, "संगीताचा विषय आहे, छान आहे." राजीव टिल्लू म्हणाले, "जपानी माणूस शिस्तीचा." सलोनीने डोळे वर फिरवले. इतिवृत्तात नोंद झाली: 'विषय संगीत. देश शिस्तीचा. परीक्षणास संमती.' सलोनीचं म्हणणं अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. मंडळाची साउंड सिस्टीम उत्तम आहे.

शनिवारी सकाळी देवस्थळींच्या बेसमेंटमध्ये समिती बसली. सुमंतरावांनी स्टीलची पट्टी काढली, टीव्हीची काच पुसली. पुढचा तक्ता मंडळाच्या दप्तरात आजही पाहायला मिळतो.

मिनिट एकोणीस. दोघं पियानोच्या एकाच बाकावर. अंतर शून्य. शेरा: बाक लहान.

मिनिट चौतीस. चेलोवाला पियानोवाल्याचा हात हातात घेतो आणि सोडत नाही. शेरा: बंदराचं गाव, वारा असणार.

मिनिट बावन्न. पियानोवाल्याला मोठ्या शहरात शिकायला जायचं आहे हे कळून चेलोवाला एकटाच बसून रडतो. शेरा: मैत्री. (इथे शैलजाताईंनी दोन टिशू घेतले. त्याची नोंद नाही.)

मिनिट एक्क्याऐंशी. धक्का. बर्फ. बोट सुटायला आलेली. दोघं एकमेकांकडे पाहतात, आणि चुंबन घेतात.

मग राजीव टिल्लू घसा साफ करून म्हणाले, "तिकडे निरोप घेण्याची पद्धत असेल."

चहाचा ट्रे घेऊन कांचनताई, म्हणजे सुमंतरावांच्या पत्नी, जिन्यात उभ्या होत्या. "जपानी लोक वाकून नमस्कार करतात," त्या म्हणाल्या आणि ट्रे ठेवून वर गेल्या.

शेरा पडला: सांस्कृतिक फरक. मग तक्त्याची बेरीज झाली. नियम एक ते चार नायक आणि नायिका यांच्यातल्या अंतराला लागू होतात. या सिनेमात नायिकाच नाही. म्हणजे अंतर नाही, आणि अंतर नाही म्हणजे आक्षेपही नाही. एकूण आक्षेप शून्य! माणसं असलेल्या सिनेमांमध्ये मंडळाच्या इतिहासातला हा सर्वांत स्वच्छ सिनेमा ठरला. राजीव टिल्लूंनी सुमंतरावांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. (अंतर शून्य. शेरा नाही.)

दोघं गेल्यावर सुमंतराव मात्र खालीच बसून राहिले. त्यांनी एक्क्याऐंशीवं मिनिट नाही, सदुसष्टावं मिनिट परत लावलं. त्यात काहीच घडत नाही. चेलोवाला भांडी घासतो आहे, पियानोवाला पुसून ठेवतो आहे, दोघं मिळून काहीतरी गुणगुणताहेत, आणि एक कप पुसून झाल्यावरही दुसऱ्याकडेच तिरका पाहत तो कप पुसतच राहिला आहे. सुमंतरावांनी पट्टी लावली, पण आकडा लिहिला नाही. हा प्रसंग त्यांनी आधी पाहिला होता. गेल्या थँक्सगिव्हिंगला, स्वतःच्याच सिंकपाशी.

आता हे सांगितलंच पाहिजे. सुमंतरावांचा मुलगा शंतनू, वय चौतीस, दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याबरोबर सात वर्षं अंकुर ठेंगडी राहतो, मूळचा नागपूरचा. शंतनू हार्मोनियम वाजवतो, अंकुर तबला. वर्षातून एकदा मंडळाच्या कार्यक्रमाला दोघं न चुकता ट्रॉयला येतात, सिनेमाआधी अर्धा तास वाजवतात, आणि साऱ्या हॉलमधून एकच उद्गार निघतो: "काय जोडी जमलीय!" दोघांनी मिळून घर घेतलं तेव्हा मंडळ म्हणालं, एकट्याला एवढं घर झाडायला कसं जमणार. कुत्रा घेतला तेव्हा म्हणालं, एकाला मीटिंग असली की दुसरा फिरवेल. आमच्या मंडळाइतका समजूतदार समाज दुसरा दाखवा. समजायचं नाही असं ठरवायला फार समज लागते.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात शंतनूने स्वयंपाकघरात आईवडिलांना सरळ सांगितलं होतं. "बाबा, अंकुर आणि मी रूममेट्स नाही. आम्ही कपल आहोत."

सुमंतराव म्हणाले, "बरं. बर्फ काढायला हवा." आणि फावडं घेऊन बाहेर गेले. त्यांनी आपला ड्राइव्हवे साफ केला. मग शेजाऱ्याचा केला. मग त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याचा केला, जो महिनाभर फ्लोरिडाला होता. इकडे कांचनताई थोड्या रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी अंकुरच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली. त्यांच्या बाजूने प्रश्न मिटला. सुमंतरावांचं मात्र फावडं अजून हातात होतं.

आणि त्यात भर होती बॅजची. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला छातीवर बॅज लावावा लागतो: वर नाव, खाली सभासदाशी नातं. 'सासूबाई (सहा महिन्यांकरिता)', 'भाचा (विद्यार्थी)', असं. हे बॅज सुमंतराव स्वतः छापतात. अंकुरच्या सात वर्षांच्या बॅजवर अनुक्रमे असं होतं: शंतनूचा मित्र. रूममेट. रूममेट. कौटुंबिक स्नेही. रूममेट. तबला. रूममेट. ('तबला' हे नातं कसं, असं कोणी विचारलं नाही.) अंकुरने ते सगळे एका ड्रॉवरमध्ये जपून ठेवले होते, आणि तो ते लोकांना हसत दाखवायचा. शंतनू हसत नसे.

सिनेमाच्या आठवडाभर आधी शंतनूचा फोन आला.

"बाबा, आम्ही येतोय शोला. आणि जूनमध्ये आमचं लग्न आहे, ते तुम्हाला माहितीये. तुम्ही लग्नाला या, नका येऊ, आय वोन्ट फोर्स. पण अंकुरच्या बॅजवर परत रूममेट आलं ना, तर मी ट्रॉयला परत येणार नाही. आय ॲम सीरियस."

"तिकडे थंडी किती आहे?" सुमंतरावांनी विचारलं.

शंतनू म्हणाला, "थर्टी-नाइन," आणि त्याने फोन ठेवला. (फॅरनहाइटमध्ये.)

मुलगा एकच. तो बोलल्याप्रमाणे करतो, कारण तसं त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी दोनशे अकरा बॅज छापले आणि दोनशे बारावा समोर घेऊन ते तीन दिवस बसले. एकदा 'जोडीदार' टाइप केलं, आणि राजीव टिल्लूंचा चेहरा आठवून पुसलं. एकदा 'कुटुंबीय' केलं. ते इतकं गुळमुळीत होतं की तक्तासुद्धा हसला असता.

"अहो, साधा तीन अक्षरांचा शब्द आहे," कांचनताई म्हणाल्या. "माझ्या माहेरी तुम्हाला चव्वेचाळीस वर्षं तोच म्हणतात. तुमचं काही वाकडं झालं का त्याने?"

"लोक काय म्हणतील, कांचन?"

"लोक म्हणतील वडे गार झाले. दर वेळी तेच म्हणतात."

रविवार उजाडला. बाहेर घोट्याइतका बर्फ होता, तरी दोनशे बारा माणसं आली. दारातल्या टेबलाशी सुमंतरावांनी अंकुरला बॅज दिला. वर नाव होतं. खालची ओळ कोरी होती.

"प्रिंटरची शाई संपली," सुमंतराव म्हणाले. शेजारी दोनशे अकरा बॅज काळेभोर छापलेले होते.

"होते असं कधीकधी, काका," अंकुर म्हणाला आणि त्याने तो कोरा बॅज छातीवर नीट लावला. शंतनूने बॅजकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ठीक आहे, बाबा." त्या दिवशी त्यांनी वाजवलं नाही. दोघं शेवटच्या रांगेत दाराशेजारी बसले. कोट काढले नाहीत.

सिनेमा सुरू झाला. एकोणिसाव्या मिनिटाला बाक लहान होता. चौतिसाव्या मिनिटाला वारा होता. बावन्नाव्या मिनिटाला रांगारांगांतून टिशू फिरले, आणि सुवर्णा आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, थांबवा ना कोणीतरी त्याला!" सुमंतराव भिंतीला टेकून उभे होते. ते पडदा पाहतच नव्हते. ते शेवटच्या रांगेतले दोन कोट पाहत होते.

एक्क्याऐंशीवं मिनिट आलं. बर्फ, धक्का, बोटीचा भोंगा. दोघं जवळ आले. अठरा इंच. नऊ. सहा.

तक्त्याप्रमाणे घोषणेची गरज नव्हती. पण चौदा वर्षांची सवय नियम वाचून थोडीच चालते? राजीव टिल्लूंचा एक हात आपोआप पडद्याच्या रिमोटकडे गेला, दुसरा माइककडे. पडदा काळा झाला, दिवे लागले.

"कृपया लक्ष द्या. बाहेर एका करड्या मिनीव्हॅनचे..."

आठ गृहस्थ उठले. कोट चढवू लागले. आणि त्यांच्याबरोबर शेवटच्या रांगेतला शंतनूही उठला. त्याचा कोट अंगावरच होता. त्याने अंकुरला हाताने खूण केली आणि दाराचा दांडा दाबला. गार वाऱ्याची एक झुळूक हॉलमध्ये शिरली.

शंतनूकडे मिनीव्हॅन नव्हती. तो दिवे बंद करून परत यायला निघाला नव्हता, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला कळलं, आणि त्या माणसाच्या हातात या वेळी फावडं नव्हतं.

"राजीव, खाली बस!" सुमंतराव ओरडले. माइकशिवाय. "गाडी नाहीये."

"अहो सुमंतराव, पण दिवे..."

"कसले दिवे? कोणाचीच गाडी नाहीये. चौदा वर्षं नाहीये. मीच मनाने रचली होती ती. पडदा चालू कर."

आठ गृहस्थ एक बाही कोटात आणि एक बाहेर असे उभे राहिले. "मग ती बॅटरी?" सुवर्णा आजींनी विचारलं, पण उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं. सुमंतराव खुर्च्यांमधून वाट काढत मागे निघाले होते. जाता जाता त्यांनी टेबलावरचा काळा मार्कर उचलला. दारापाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"थांब जरा," ते म्हणाले. शंतनूला नव्हे, अंकुरला. मग त्यांनी अंकुरच्या छातीवरच्या बॅजच्या कोऱ्या ओळीवर मार्करने लिहिलं: जावई.

घाईत अक्षरं तिरकी गेली, आणि 'जा' आणि 'वई' यांच्यातली फट चार मिलिमीटरच्या बरीच वर गेली. गाडी असती तर परत पाठवली असती.

अंकुरने मान खाली घालून उलटं वाचलं. "काका, ही मिस्टेक तर नाही ना?"

"एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. माझ्या हातून चुकीचा माल बाहेर जात नाही."

"सात वर्षं तर जात होता ना, काका," अंकुर म्हणाला, आणि त्याने बॅज सरळ केला.

शंतनूने दार लावलं. तो वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकून उभा राहिला, पाचवीत नापास झाल्यावर उभा राहिला होता तसा. मग तिघांनी कोट काढले. राजीव टिल्लूंनी सिनेमा थोडा मागे नेऊन लावला. चुंबन अकरा सेकंदांचं निघालं. आरोग्य उपसमितीच्या अहवालानुसार हॉलमध्ये कोणालाही काहीही झालं नाही. वडे मात्र गार झाले, आणि लोकांनी तसं बोलून दाखवलं.

या प्रकारानंतर समाजाची प्रतिक्रिया फार तीव्र होती. एकूण एकशे चौऱ्याण्णव सभासदांनी सुमंतरावांना गाठून एकच वाक्य सांगितलं: "आम्हाला माहीतच होतं हो." राजीव टिल्लूंना पाच वर्षं माहीत होतं. शैलजाताईंना सहा. सुवर्णा आजींना पहिल्या दिवसापासून, "तबलजी पेटीवाल्याकडे असं बघतो का कधी?" थोडक्यात, सात वर्षं एक गुपित दोनशे माणसांनी एकमेकांपासून एकजुटीने लपवलं. मराठी माणसात एकी नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढच्या आठवड्यात बॅजदुरुस्तीचे नऊ अर्ज आले. एकात 'मावशीची मैत्रीण' खोडून दुसरा शब्द हवा होता. मावशी एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. सुमंतरावांनी नऊही अर्ज मंजूर केले आणि शाई संपेपर्यंत छापलं. या वेळी ती खरोखरच संपली. तक्ता रद्द झाला. पट्टी कांचनताईंनी स्वयंपाकघरात नेली, त्या पट्टीने आता वड्या सरळ कापल्या जातात. जूनमध्ये मंडळातले एकेचाळीस जण बेलव्ह्यूला निघाले आहेत.

एवढंच सांगायचं होतं. आता जाण्यापूर्वी वाचकांसाठी एक घोषणा, कृपया लक्ष द्या. हे वाचताना, विशेषतः एक्क्याऐंशीव्या मिनिटापाशी, ज्यांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं, फोन पाहावासा वाटला, किंवा मागे कोणी वाचत तर नाही ना म्हणून वळून पाहावंसं वाटलं, त्यांनी खाली बसावं. तुमच्याही घरी कोणीतरी कधीतरी काहीतरी सरळ सांगितलं होतं, आणि तुम्ही फावडं घेऊन बाहेर गेला होतात. (जिथे बर्फ पडत नाही तिथले लोक झाडांना पाणी घालायला जातात.) बाहेर तुमची गाडी दिवे लावून उभी नाही. मी आत्ताच पाहून आलो. दाराशी कोट घालून कोण उभं आहे, तेवढं मात्र बघा.